डिलियाची खिडकी

डिलिया टिअर्नी म्हणजे आमच्या टॅनर गल्लीचं वर्तमानपत्र. गिरणीच्या जिन्यावरून पडून तिचं कंबरडं मोडलं, आणि तेव्हापासून तिचं जग म्हणजे पुढच्या खोलीतली एक खिडकी. पण त्या खिडकीतून तिने जेवढं पाहिलं, तेवढं आम्ही धडधाकट पायांनी हिंडून पाहिलं नाही. कोणाचा नवरा झुलत घरी येतोय, कोणाची पोरगी पाण्याच्या पंपापाशी उगाच रेंगाळतेय, फादर कोणाच्या दारी थबकले, सगळं तिच्याकडे. मी कपडे वाळत घालून परत निघाले की हाक यायचीच.

"जोहॅना, अगं थांब! तुझा बार्नी आज अंग चोरून चालतोय. काहीतरी फोडलंय त्याने. घरी जाऊन बघ."

घरी जाऊन बघावं तर नवऱ्याने माझी चांगली किटली फोडलेली. असली बाई!

डिलियाचा नवरा कॉर्नी अगदी उलट. आडदांड गडी, पण तोंडात मूग. बायकोवर मात्र जीव. एका ईस्टरला त्याने कुठून तरी चाकांची खुर्ची मिळवली आणि डिलियाला तिच्यात बसवून चर्चला न्यायला निघाला. आमची गल्ली म्हणजे नदीकाठचा चिखल. आमच्या ब्रॅकेट फेरी गावाचं तेव्हा शहर होत होतं, पण आमच्याकडे डुकरंसुद्धा जपून चालायची. दहा पावलं गेला नसेल, चाक रुतलं, खुर्ची कलंडली आणि डिलिया नव्या शालीसकट चिखलात. ती हसली हो. "कॉर्नी, फादरना सांग, मी इथेच गुडघे टेकले," म्हणाली. तो नाही हसला. तिला उचलून घरात नेलं आणि खुर्ची परसात उलटी टाकून दिली. त्यानंतर ती कधी उंबऱ्याबाहेर गेली नाही.

हे सगळं नगरसेवक फेलिक्स ड्युगनने पाहिलं होतं. आमच्या वॉर्डाचा तो माणूस. कोपऱ्यावर त्याचा दारूचा गुत्ता, आणि पालिकेचा अर्धा कारभार तिथेच चालायचा. त्या वर्षी पालिकेने ठरवलं की जमिनीत गटारं घालायची आणि वर भराव टाकून रस्ते पुरुषभर उंच करायचे. पण गल्लीतल्या निम्म्याहून जास्त घरमालकांनी सही केल्याशिवाय गल्लीला हात लावायचा नाही, असा नियम. आमची माणसं ड्युगनला ओळखून होती, त्याच्या शब्दावर कोण सही करतोय? कॉर्नीच्या शब्दावर मात्र सगळ्यांनी केली असती.

"कोरडा रस्ता, कॉर्नी," ड्युगन म्हणाला. "लोण्यासारखा. बायकोला खुर्चीत घाल आणि घेऊन जा खुशाल चर्चला. सह्या आण. तुला पालिकेची खेचराची गाडी हाकायचं काम देतो, आणि घरं उचलायचे जॅक आले की पहिले तुझ्या घराखाली. माझा शब्द."

कॉर्नी दारोदार फिरला. जन्मात एवढं बोलला नसेल. माझा बार्नी पिंपं बनवणारा, पक्का संशयी. त्याला तर तासभर समजावलं. बार्नीने सही केली, आम्ही सगळ्यांनीच केली. मग निवडणूक झाली, ड्युगन पुन्हा निवडून आला, आणि मग आम्हाला कळलं की रस्ता पालिकेचा आणि घर ज्याचं त्याचं. रस्ता वर जाणार, घर तिथेच खड्ड्यात राहणार. वर घ्यायचं असेल तर आपलं आपण घ्या. आता बोला!

गल्ली कॉर्नीवर उलटली. "काय हो पालिकेचे जावई?" असं त्याच्या तोंडावर म्हणायचे. बार्नी तर त्याला बघून थुंकायचा. कॉर्नी मान खाली घालून खेचराच्या गाडीतून माती आणायचा आणि आमच्याच दारांपुढे ओतायचा. स्वतःच्या दारापुढेसुद्धा. ते मात्र बघवत नसे. बाहेर हा फावड्याने माती पसरतोय आणि आत काचेमागे ती बसलीय, त्याच्याकडे बघत.

भराव चढत गेला तशी डिलियाला आधी माणसांची तोंडं दिसेनाशी झाली. मग कमरेपासून खाली तेवढं दिसायचं. मग नुसते बूट. पण ती काय गप्प बसतेय! बुटांवरून माणसं ओळखायला लागली.

"ते टाच घासत गेले ते बार्नीचे. हे पोक काढून चालणारे फादरचे."

"बुटाला कसलं पोक गं?" मी म्हटलं.

"असतं. तू बघत नाहीस. आणि ते चकचकीत बघ, ड्युगनचे. त्याच्या बुटाला चिखल म्हणून कधी लागत नाही. दुसऱ्यांच्या पाठीवरून चालतो ना मेला!"

संध्याकाळी मात्र ती माझ्याशी बोलायची थांबायची. कॉर्नीच्या बुटांची वाट बघायची. दिसले की काचेवर टकटक करायची आणि तो वर उभ्या उभ्या एक पाय आपटायचा. तेवढंच त्यांचं बोलणं.

मग बूटही गेले. खिडकीत नुसती माती.

कॉर्नीने काचेपुढे चर खणला, थोडा उजेड यावा म्हणून. मुकादम ओरडला, पालिकेचा भराव उकरतोस म्हणून. त्याने पुन्हा खणला. पावसात त्यात पाणी भरलं आणि भिंतीतून आत झिरपायला लागलं. डिलियाला खोकला लागला. कॉर्नी ड्युगनकडे गेला. जॅक आले होते, पण ते ड्युगनच्या गुत्त्याखाली लागले होते. "पुढच्या आठवड्यात," ड्युगन म्हणाला. पुढच्या आठवड्यात ते वकिलाच्या घराखाली गेले, मग ड्युगनच्या भावाच्या दुकानाखाली. कॉर्नी दर आठवड्याला टोपी हातात धरून जायचा आणि दर आठवड्याला तेच ऐकून यायचा. जळो ते तोंड!

नोव्हेंबरात डिलिया गेली. दिवसाढवळ्या मेणबत्ती लावलेल्या खोलीत गेली माझी बाई. शेवटी मला म्हणाली, "जोहॅना, बाहेर कोण चाललंय गं?" मी काय सांगू? मातीकडे बघत दोन-चार नावं घेतली. ती हसली. तिला कळलं होतं.

प्रेतापाशी रात्रभर जागायला सगळी गल्ली आली. भांडण असो नाही तर काही असो, मेलेल्याच्या घरी आमचा माणूस येतोच. पुरुष दाराशी हळू आवाजात बोलायला लागले की शवपेटी वर रस्त्यावर कशी न्यायची. दाराबाहेर खड्डा आणि त्यात शिडी. म्हणजे दोर बांधून ओढावी लागणार.

कॉर्नी कोपऱ्यातून उठला. "दोर नको," म्हणाला. "पोतं आहे का ती? दारातून सरळ रस्त्यावर जाऊ दे तिला. एवढं करा रे माझ्यासाठी. मग मला हव्या तेवढ्या शिव्या घाला."

बार्नीने हातातला प्याला खाली ठेवला, टोपी घातली आणि बाहेर गेला. त्याच्यामागे एकेक करून बाकीचे.

सकाळी घराखाली खणाखणी सुरू झाली. ड्युगनच्या भावाचं दुकान कधीच उचलून झालं होतं. जॅक दुकानामागच्या छपरीत नुसते पडून होते. आमच्या माणसांनी ते हातगाड्यांवर घालून आणले. ड्युगन धावत आला.

"ही पालिकेची मालमत्ता आहे! मी एकेकाला आत टाकीन!"

मी शिडी चढून वर गेले. "टाका की! गल्लीच टाका सगळी आत, आणि पुढच्या निवडणुकीला मतं त्या खेचराकडून घ्या. आत बाई मरून पडलीय आणि तुम्ही जॅक मोजताय? टोपी काढा आधी!"

त्याने काढली. गेला मात्र नाही, तिथेच उभा राहिला.

घर लाकडाचं, लहान. खाली ओंडके घातले, प्रत्येक जॅकपाशी एक माणूस उभा केला. बार्नी शिट्टी वाजवायचा, सगळे एकदम जॅकच्या स्क्रूचा एक आटा पिळायचे, आणि घर केसभर वर यायचं. आत आम्ही बायका डिलियाभोवती माळ ओढत बसलो होतो. टेबलावरच्या कपातला चहासुद्धा हलत नव्हता. कॉर्नीला मी बाहेर जाऊ दिलं नाही. तो तिचा हात धरून खिडकीपाशी बसला होता.

दुपार उलटली आणि मातीच्या वर उजेडाची एक रेघ आली. शिट्टी वाजली. रेघ रुंद झाली. मग रस्त्यावर उभ्या लोकांचे बूट दिसायला लागले.

कॉर्नी पुढे झुकला. "डिलिया," म्हणाला, "फादर आलेत बघ. तू म्हणतेस तसं पोक आहे खरं." आमची माळ थांबली. "ही पंपाशेजारची म्हातारी, एका पायात नवऱ्याचा बूट. आणि हे चकचकीत..." त्याने काचेवर बोट ठेवलं. "आज लागलाय हं त्याला चिखल."

मला रडू आवरेना. मी तोंडात शालीचं टोक कोंबलं.

बूट झाले, मग कंबरा, मग तोंडं दिसली. सगळी गल्ली टोप्या काढून आत बघत होती, आणि इतक्या महिन्यांनी त्या खोलीत ऊन आलं, ते डिलियाच्या मिटल्या डोळ्यांवर.

दुसऱ्या दिवशी दारापासून रस्त्यापर्यंत एक फळी टाकली आणि तिला सरळ पुढच्या दारातून नेलं. ना शिडी, ना दोर. पेटी बार्नीने आणि ज्यांनी ज्यांनी कॉर्नीला शिव्या घातल्या होत्या त्यांनीच खांद्यावर घेतली. कॉर्नी मागून चालत होता. चर्चपाशी पोचलो तेव्हा तो वळून रस्त्याकडे बघत राहिला, मग स्वतःच्या बुटांकडे.

"जोहॅना," म्हणाला, "एवढ्यासाठीच सह्या घेतल्या होत्या गं मी."

रस्ता मात्र खरंच कोरडा होता.