सतरा अंगठे

मा एर्मीन शार्लेरीचं लाकडी घर चोवीस वर्षं नुसत्या दगडांवर टेकलेलं होतं. "पाया घालायला हे काय माझं गाव आहे?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. तिचं गाव कुंपणापलीकडे होतं, धावपट्टीखाली.

एक्केचाळीस साली अमेरिकन सैन्य आमच्या बेटावर उतरलं आणि लढाऊ विमानांसाठी त्यांना नेमकी शार्लेरींचीच जमीन आवडली. नीरफणसाची झाडं, एर्मीनच्या आईची कबर, महिन्याभरात सगळं भुईसपाट झालं; एर्मीनचं घर तेवढं कुंपणाबाहेर आलं. जमीन घराण्याची होती. आमच्याकडे अशी जमीन पणजाच्या सगळ्या वंशजांची असते. त्यातला एक जरी नाही म्हणाला, तरी तिचं ढेकूळही विकता येत नाही. तेव्हा हयात वारस सतरा. लढाई संपली की जमीन परत मिळणार, हे एर्मीन धरूनच चालली होती.

लढाई संपली, सैनिक गेले. ओस धावपट्टीवर बायका कोको वाळवू लागल्या, शेळ्या हिंडू लागल्या. एर्मीन दर वर्षी सरकारला अर्ज लिहवून घ्यायची आणि उत्तराची वाट बघायची. उत्तर कसलं येतंय! शेवटी पासष्ट साली तिने सगळ्या भावकीला हाक मारली. आमच्यात अशा कामाला कुणी नाही म्हणत नाही. रम, खारा मासा आणि उकडलेली कच्ची केळी एवढ्यावर चाळीस माणसं जमली. त्यांनी घर ओंडक्यांवर चढवलं आणि गाणी म्हणत ओढत नेऊन धावपट्टीच्या कडेला, आईची कबर असावी तिथे ठेवलं. दोराला सगळ्यांत पुढे ओझे नावाचा तिचा चुलतभाऊ होता.

"आता तरी पाया घाल गं बाई," तो धापा टाकत म्हणाला. "का अजून मुहूर्त बघतेस?"

"घालते की! आता मेले तरी इथून हलायची नाही."

तिने खरोखरच सिमेंटचा पाया घातला. तीन महिन्यांनी ओझेचाच मुलगा फिलिबेर दारात आला. तो आता सरकारी अधिकारी होता, काखेत फाइल होती. बापालाही सोबत घेऊन आला होता.

"मा एर्मीन, इथे पर्यटकांची विमानं उतरणार आहेत. घर काढावं लागेल."

"मोठा आला काढणारा! काल माझ्या मांडीवर मुतत होतास. अरे, सतरांपैकी एक अंगठा कमी असला तरी जमीन आमची. विचार तुझ्या बापाला."

फिलिबेरने फाइल उघडली. आत एक्केचाळीस सालचं जमिनीचं विक्रीखत होतं. पहिलाच अंगठा ओझेचा होता, सैन्याच्या तळावरच्या नोकरीसाठी दिलेला. ओझेची मान खाली गेली. "मला वाटलं, माझ्या एकट्याच्या अंगठ्याने काय होतंय? बाकीचे थोडेच देणार आहेत!"

पुढे आत्या क्लोरिस, मग नंतर पनामाला कामाला गेलेला भाऊ. कुणी पिठाच्या पोत्यासाठी दिला होता, कुणी छपराच्या पत्र्यांसाठी, आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या भरवशावर. फिलिबेर पानं उलटत गेला. एक्केचाळीस साली घर कुंपणाबाहेर हलवायला सैन्याचा ट्रक हवा होता तेव्हा एर्मीननेही हसत हसत अंगठा उमटवला होता. चोवीस वर्षं तिने ही गोष्ट कुणाच्या कानावर घातली नव्हती. भावकीतलं कुणीतरी आपल्यापेक्षा शहाणं निघालं असेल, एवढ्याच आशेवर बाई जगत आली होती.

"एकही कमी नाही?" तिने विचारलं.

"नाही, मा. सोळा होते तोवर कागद अडून होता." फिलिबेरने शेवटचं पान तिच्यापुढे धरलं. "सतरावा तुमचा."

एर्मीन उंबऱ्यावरच बसली. ओझे लहान मुलासारखा रडत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, रागावून नाही.

"ट्रक लागतच नव्हता रे मला," ती म्हणाली. "तुम्ही होतात की ओढायला."