सूज उतरेपर्यंत

पोटात पहिली कळ आली तेव्हा मुक्ता पाझर तलावाच्या भरावावर होती. डोक्यावर मातीची पाटी होती. ती तिनं आधी वर नेऊन ओतली आणि मगच खाली बसली. बहात्तरच्या दुष्काळातला तो हिवाळा. माकणीच्या आसपासची निम्मी माणसं सरकारी कामावर होती. घरी बसून खायला कुणाच्या कणगीत काही उरलेलंच नव्हतं. मुक्ताचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. नऊ महिने भरत आले होते, तरी ती रोज कामावर येत होती, कारण कामावर आलं की पोटाला सरकारी सुकडी, भाजल्या पिठाचा गोड खाऊ, मिळायची.

बायांनी तिला बैलगाडीत घालून घरी आणलं. सासू पुतळाबाईनं नागूबाईला बोलावणं धाडलं. नागूबाई सुईण. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मली होती. बौद्धवाड्यात यायला ती कधी मागंपुढं बघत नसे. तिनं पोटाला हात लावला आणि तिचा चेहराच बदलला.

"पोर उलटं हाय, पुतळाबाई. पाय खाली आल्यात."

"मग दवाखान्यात न्यायचं का?" मुक्ताचा नवरा श्रीपती बाहेरून म्हणाला.

"आता कुठं नेतोस? वाटंतच व्हईल."

पाय आले, कंबर आली, खांदे आले; डोकं मात्र अडून राहिलं. मुक्ताला त्यातलं फार काही आठवत नाही. दातात धरलेला पदर आणि नागूबाईचं "जोर कर माय, जोर कर" एवढंच ध्यानात राहिलं. शेवटी नागूबाईनं ओढलं. ओढावंच लागलं. पोरगी निळी पडलेली, आवाज नाही. नागूबाईनं तिच्या तोंडात बोट घालून चिकटा काढला, पाठ चोळली, पाणी मारलं. बऱ्याच वेळानं मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला.

घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नागूबाईचा मात्र पडला नाही. ती पोरीला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या तळव्याला पुन्हा पुन्हा टिचकी मारून बघत होती.

"हात हालवायली," ती हळूच म्हणाली. "पाय न्हाय. मुक्ते, पोर जगंल. पर हिच्या पायांत जीव न्हाय. म्या लपवायची न्हाय. सोलापूरला न्या."

बाळंतपणाचा रक्तस्राव चालू असतानाच मुक्ता एसटीत बसली. सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात एक उंच, बारीक अंगाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोरीला पालथं घातलं, मणक्यावरून बोट फिरवलं, टाचणीनं पायांना टोचलं. पोरगी रडली नाही. छातीजवळ टोचलं तेव्हा रडली. मग त्या मुक्ताला घेऊन खिडकीशी बसल्या आणि स्वतःच्या हातरुमालाचा पीळ करून तिला दाखवू लागल्या.

"हे बघ. मेंदूतून एक जाड दोरी निघते आणि पाठीच्या कण्यातून खाली जाते. हात हलव, पाय हलव, हे सगळे निरोप तिच्यातून जातात. जन्मताना ओढाताण झाली, त्यात ती ताणली गेलीय. आत सूज आलीय."

"सूज उतरंल की मग," मुक्ता म्हणाली. "म्या पाटीखाली पाय मुरगाळून घेतला हुता, चार दिसांत उतरली."

"उतरेल. पण तुझ्या पायाला सूज आली तर तिला पसरायला जागा असते. इथं भोवती हाडाची नळी आहे. फुगलेलं तिथल्या तिथंच दाबतं, आणि जे धड राहिलंय त्यालाही इजा करतं. शरीर दुरुस्ती करायला धावतं आणि त्याच धावपळीत थोडं मोडूनही ठेवतं. आपण औषध देतोय. सूज उतरली की कळेल, किती नुसतं दबलं होतं आणि किती तुटलं होतं."

"आन तुटल्यालं?"

बाईंनी रुमालाचा पीळ सोडला. "हाताची-पायाची नस तुटली तर कधीकधी पुन्हा वाढते. कण्यातली वाढत नाही. पण ही तान्ही आहे. तान्ह्या लेकराचं शरीर कुठून कुठून वाट काढतं. मी खोटी आशा दाखवणार नाही, आणि सगळी आशा सोडही म्हणणार नाही."

मुक्ताला यातलं अर्धंच कळलं, पण बाई खोटं बोलत नाहीत एवढं कळलं. तिथल्या एका नर्सनं तिला शिकवलं: पाय कसे वाकवायचे, कसे सरळ करायचे, पोरीला आपणहून लघवी होत नाही तर ओटीपोट कसं दाबायचं. दिवसातून अनेकदा, रोज. किती दिवस, असं मुक्तानं विचारलं. नर्स म्हणाली, "आता हेच."

घरी आल्यावर पुतळाबाईनं नागूबाईला दारात उभं राहू दिलं नाही. "तिनंच ओढून माझ्या नातीचा कणा मोडला," असं ती गावभर सांगत सुटली. बाया नागूबाईला बोलवेनाशा झाल्या. मुक्ता ओली बाळंतीण. सासूपुढं तोंड उघडायची तिची रीत नव्हती. पण एके दिवशी चुलीपुढं बसल्या बसल्या ती बोललीच.

"आत्याबाई, तिनं वडली नसती तर आमी दोघीबी गेलो असतो. उगं कुणाच्या नावानं बोटं मोडू नका. मला हातभार पायजे. एकटीनं हुईना मला."

पुतळाबाई चार दिवस भांडी आपटत राहिली. पाचव्या दिवशी नागूबाई आली, तिला कुणी अडवलं नाही; ती उंबऱ्याजवळ पोरीला घेऊन बसली आणि तिचे पाय हलवू लागली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडं न बघता एकाच घरात वावरत राहिल्या. पण त्यामुळं मुक्ताला परत कामावर जाता आलं.

पोरीचं नाव यशोधरा ठेवलं. हाक मारायला यशी.

यशी तीन-चार महिन्यांची असताना अंघोळ घालताना तिच्या उजव्या तळव्याला मुक्ताचं नख लागलं आणि पाय झटक्यानं वर गेला. मुक्तानं पुन्हा नख लावलं. पुन्हा गेला. ती ओल्या हातांनी अंगणात धावत आली आणि तिनं नवऱ्याला, सासूला, शेजारणीला ओढून आणून दाखवलं. श्रीपतीनं पोरीला उचलून नाचवलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तिघं सोलापूरला गेली.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि मान खाली घातली.

"बाई, हा पाय ती हलवत नाही. पाय आपला आपण उडतोय. टोचलं की खालच्या खालीच निरोप फिरतो, मेंदूपर्यंत जात नाही. तिला पत्ताही नाही. बघ, तिच्या तोंडाकडं बघ."

मुक्तानं बघितलं. पाय उडत होता आणि यशी पंख्याकडं बघत होती.

परतीच्या वाटेवर श्रीपतीनं पोरीला एकदाही मांडीवर घेतलं नाही. त्यानंतर तो सोलापूरला कधी आला नाही. वाईट माणूस नव्हता तो. पोरीच्या पायांकडं बघायची त्याच्यात ताकद राहिली नव्हती, आणि मुक्ताला न बघून चालत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

खरी हालचाल पुढं बऱ्याच महिन्यांनी आली, आणि आली तेव्हा मुक्तानं कुणाला सांगितलं नाही. यशी पोटावर सरकत होती. हातांवर जोर देऊन, मागं पाय फरफटत. तिला पलीकडं पडलेली पितळी वाटी हवी होती. हात पुरेना तशी ती चिडली, आणि उजवी मांडी हळूहळू, थरथरत, पोटाखाली ओढली गेली. कुणी टोचलं नव्हतं, नख लागलं नव्हतं. मुक्ता परातीतलं पीठ तसंच सोडून बसून राहिली. मग तिनं वाटी थोडी लांब सरकवली. यशीनं पुन्हा मांडी ओढली.

तेवढंच परत आलं. उजव्या मांडीत थोडा जोर. डावा पाय तसाच राहिला, गुडघ्याखाली दोन्ही तसेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सूज उतरल्यावर खालून जे शाबूत निघालं ते हे. आता हे सांभाळा.

सांभाळायचं म्हणजे काय ते सांगून कळण्यासारखं नव्हतं. पाय ताठ व्हायचे ते सारखे मोकळे करायचे. कुशीवर वळवायचं, नाहीतर अंगाला जखमा. ताप आला की लघवीचा वास बघायचा. एकदा मुक्ता भाकरी थापत होती, यशी शेजारी खेळत होती, गाणं म्हणत होती. मुक्ताला करपल्याचा वास आला. तव्यावरची भाकरी तर चांगली होती. वळून बघितलं तर यशीचा पाय चुलीच्या तापलेल्या दगडाला टेकलेला, आणि पोरगी गातच होती. ती जखम भरायला पावसाळा गेला. त्या जखमेच्या दिवसांत मुक्ता पहिल्यांदा पोरीवर ओरडली. "रडत का न्हाईस गं? रडायला काय जातंय तुझं?" आणि मग स्वतःच ओसरीवर जाऊन बसली.

मधल्या काळात दुसरं मूल झालं, मुलगा. त्या खेपेला मुक्ता महिनाभर आधीच उमरग्याला दवाखान्याजवळच्या नात्यातल्या घरी जाऊन राहिली. सासू कुरकुरली, ती ऐकली नाही. त्याच साली नागूबाई वारली. शेवटपर्यंत ती यशीचे पाय हलवायला येत होती. स्वतःचे हात चालेनासे झाले तेव्हा नुसती शेजारी बसून राहायची.

ऐंशीच्या आगेमागे गावात सहकारी दूध सोसायटी निघाली. श्रीपतीला गाडीवर काम लागलं. कॅन डांबरी सडकेपर्यंत पोचवायचे. मुक्ता सेक्रेटरी माणिकप्पाकडं गेली आणि कॅन धुण्याचं काम मागितलं. गावातल्या दोघा-तिघांनी नाकं मुरडली, बौद्धवाड्यातल्या बाईचा हात दुधाच्या भांड्याला कशाला म्हणून. माणिकप्पा त्यांना म्हणाला, "सडकेवर गेल्यावर समद्या तालुक्याचं दूध एका टाकीत पडतंय. तिथं कुणाचं कोणतं ते निवडून दावा, मग बोलू." त्याला तत्त्वाचं काही पडलं नव्हतं, पहाटे उठून गार पाण्यात हात घालायला दुसरं कुणी तयार नव्हतं, हे खरं कारण. मुक्ताला तेही चाललं. सोसायटी शाळेला लागून होती. यशीला कडेवर घेऊन शाळेत सोडायचं, कॅन धुवायचे, मधल्या सुट्टीत जाऊन तिचं पोट दाबायचं, पुन्हा कॅन. पोरगी वाढत होती तशी जड होत होती. मुक्ताचा डावा खांदा खाली उतरला तो कायमचा.

यशी नऊ-दहा वर्षांची असताना उमरग्याला अपंग मुलांचं शिबिर भरलं. आलेली पोरं बहुतेक पोलिओची. मापं घेणाऱ्या माणसानं यशीची उजवी मांडी दाबून बघितली, तिला जोर लावायला सांगितलं आणि म्हणाला, "ही चालेल." पुढच्या खेपेला लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर आले, कुबड्या आल्या. यशी घामाघूम होत भिंतीपासून दारापर्यंत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मुक्ताला म्हणालं, "बाई, आज तुम्हाला किती आनंद झाला असेल."

मुक्ता हसली. झाला होता की नाही, तिला नीट कळेना. गाडीत बसल्या बसल्या तिला अशी झोप लागली, की कंडक्टरनं हलवून उठवलं.

शहाऐंशीत यशीला ताप येऊ लागले म्हणून दोघी पुन्हा सोलापूरला गेल्या. त्या डॉक्टरीणबाईंची बदली होऊन वर्षं झाली होती. नवा डॉक्टर तरुण होता. त्यानं मूत्रपिंडाच्या तपासण्या केल्या, औषध दिलं, पाणी भरपूर प्यायला सांगितलं. निघताना मुक्तानं विचारलं, दर खेपेला विचारायची तसंच.

"डॉक्टरसाब, पाठीच्या दोरीवर नवं औषध निघालं का काही?"

"प्रयोग चालू आहेत, मावशी. सूज लवकर रोखता आली तर नुकसान कमी होईल, नसा पुन्हा वाढवता येतील का, असं बरंच चाललंय बाहेर. पण ते प्राण्यांवर. माणसाच्या हाती काही आलेलं नाही."

"पुढच्या साली?"

डॉक्टर काही बोलायच्या आत यशी म्हणाली, "आई, बास."

बाहेर बाकावर आल्यावर मुक्तानं डब्यातली भाकरी काढली. यशीनं घेतली नाही.

"तू इचारतीस ना, तवा मला कसंतरी हुतं. म्या काय अर्धी हाय का? मला शाळेत कुणी इचारत न्हाय."

"माय, म्या तुझ्यासाठीच—"

"म्हाईत हाय. पर आता इचारू नको. आन पोटबी म्या माझं दाबीन. नर्सबाईनं मला आज शिकवलंय. तू भाईर थांबायचं."

मुक्तानं भाकरी परत डब्यात ठेवली. तेरा वर्षं तिनं त्या एका प्रश्नावर रेटली होती. तो काढून घेतल्यावर आत काय राहतं ते तिला माहीत नव्हतं. राग येईल असं वाटलं, आला नाही. नुसता थकवा वर आला, एवढ्या वर्षांचा एकदम.

"बरं," ती म्हणाली. "न्हाय इचारत."

घरी आल्यावर यशीनं खोलीचं दार लावून घेतलं. मुक्ता बाहेर उभी राहिली. आतून कुबडी पडल्याचा आवाज आला तशी ती पुढं झाली, कडीला हात घातला.

"येऊ नको," यशी आतून म्हणाली. "पडली न्हाय म्या. कुबडी पडली."

मुक्तानं हात काढला. अंगणात ऊन उतरत आलं होतं, सोसायटीची संध्याकाळची वेळ व्हायला अवकाश होता. करायला काहीच नव्हतं. ती भिंतीला पाठ लावून बसली, पाय लांब केले, आणि आतून हाक येते का ते ऐकत राहिली. हाक आली नाही. बऱ्याच वेळानं दार उघडून यशी आपली आपण बाहेर आली, तेव्हा तिची आई बसल्या जागी झोपली होती. यशीनं तिला उठवलं नाही.