मुठीएवढं इंजिन आणि वहिनींचा डूख

शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्या वहिनींच्या वाटेला शहाणा माणूस जात नसे. बाई वाईट नव्हती हो, पण डूख धरायची. दुकानाच्या दारात स्कूटर आडवी लावून गेलेल्या माणसाला ती वर्षानंतरही ओळखायची, आणि त्याच्या बायकोचं मशिन सगळ्यात शेवटी हातात घ्यायची. मग सख्ख्या दिराला ती सोडणार होती होय?

दिराचं कर्तृत्वही तसंच होतं. वहिनींच्या नवऱ्यानं पेट्रोलवर चालणारं एक इंजिन बनवलं होतं, मुठीत मावेल एवढं. तो लेथवरचा कारागीर. सिलिंडर त्यानं कातला, पण आतला पिस्टन घासून घासून बसवला तो वहिनींनी. जरा जास्त घासला असता तर सगळं भंगारात! पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं, प्लग कधी पुसायचा, चालवून झालं की उरलेलं पेट्रोल काढून आत ऑइलचे थेंब सोडायचे, ही सगळी देखभाल वहिनींची. सुरू करताना चाकाला दोरी गुंडाळून हिसका द्यावा लागे, तोही त्याच देत. इंजिन फटफटायला लागलं की नवरा-बायको दोघं लहान पोरांसारखी हसायची.

नवरा गेला. महिना उलटायच्या आत दीर आला आणि "दादाची आठवण म्हणून" इंजिन उचलून घेऊन गेला. घर माणसांनी भरलेलं, वहिनींना तोंड उघडता आलं नाही. पुढं कानावर आलं, की भाऊजींनी ते हातभर लांबीच्या होडीत बसवलंय आणि छोट्या होड्यांच्या क्लबात "माझ्या हातचं इंजिन" म्हणून मिरवतायत. वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातचं म्हणे! या गृहस्थाला घरातला बल्ब बदलता येत नव्हता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी हेच भाऊजी होडी काखेत मारून दुकानात हजर.

"वहिनी, जरा बघता का? सुरूच होईना. आजवर नुसतं दाखवून भागलं, पण उद्या पाण्यात सोडायचंय."

वहिनींनी प्लग काढला. आत जुनं पेट्रोल गोंदासारखं चिकटलं होतं. त्यांना रडू आलं, आणि भाऊजींसमोर रडू आलं याचा जास्तच संताप आला. दातओठ खात त्यांनी इंजिन साफ केलं. आणि साफ करता करता त्यांना सुचलं.

त्या इंजिनाला एक बारीक दांडी होती. ठिणगी कधी पडायची ते तिच्यावर ठरायचं. दांडी पलीकडच्या बाजूला सरकवली आणि दोरी उलटी गुंडाळली, की इंजिन खुशाल उलटं फिरायचं. आवाज तोच, जोर तोच.

"उद्या तळ्यावर मीच येते," वहिनी गोड आवाजात म्हणाल्या. "सुरू करून देते. तुम्ही फक्त सोडा."

"वहिनी, तुम्ही म्हणजे देवमाणूस!"

तळ्याकाठी ही गर्दी. भाऊजी नव्या बुटांत. "कंबर धरलीय माझी, म्हणून वहिनी फक्त दोरी ओढतायत," असं त्यांनी दहा जणांना सांगितलं. वहिनींनी हिसका दिला. इंजिन पहिल्याच दमात पेटलं. भाऊजींनी समोरच्या काठाकडे नाक करून होडी सोडली, आणि होडी सरळ मागं येऊन त्यांच्या पायाशी काठावर आपटली.

हशा पिकला. होडी वळली आणि पाठमोरीच तळ्यात निघाली.

"अहो, तुम्हीच बनवलंत ना? मग हे उलटं का?" क्लबाच्या अध्यक्षांनी विचारलं.

"वारा... वारा उलटा आहे ना!" भाऊजी म्हणाले. तळ्यावर पान हलत नव्हतं. लोक पोट धरून हसले, आणि वहिनींच्या जिवाला इतका गारवा वाटला म्हणून सांगू!

पण वहिनींना इंजिनं कळत होती, होड्या नाही. होडीची पाठ होती सपाट. मागं जाताना तिच्यावरून पाणी आत येत होतं. फटफट घुसमटली, थांबली, आणि होडी बुडाली.

वहिनींच्या काळजात चर्र झालं. आपणच बुडवलं! चपलांसकट त्या पाण्यात घुसल्या, कमरेपर्यंत गेल्या, चिखलात चाचपडून होडी वर काढली. काठावर ठेवलेल्या पिशवीतल्या पेचकसानं इंजिन सोडवलं, पाणी निथळवलं, प्लगच्या भोकातून ऑइल ओतलं आणि चाक अंगठ्यानं फिरवलं. आधी खरखरलं. पुन्हा ऑइल, पुन्हा अंगठा. मग ते हळूच, मऊ फिरलं.

वहिनींनी ते पुसून पिशवीत टाकलं आणि चिखलानं भरलेली होडी भाऊजींच्या पुढ्यात ठेवली.

भाऊजींनी हात पुढं केला. "वहिनी, नुसत्या होडीचं काय करू? माझं इंजिन द्या ना."

वहिनींनी त्यांच्या कोरड्या बुटांकडे पाहिलं.

"पाण्यात गेलं तेव्हा तुमचंच होतं की, भाऊजी," त्या म्हणाल्या. "उतरायचं होतं."

आणि ओल्या चपला फटक फटक वाजवत त्या घराकडे निघाल्या.