ट्रे कोणी धुवायचा, आणि मेमरी कोणी रिकामी करायची

साधारण २००१ सालचा मे महिना. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीची लॅब, दुपारचे तीन... आणि मी लिहिलेला प्रोग्राम त्या दिवशी चौथ्यांदा बंद पडला.

शेठ दारातच उभे होते. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "मॅडम, पेरणी काय तुमच्या कॉम्प्युटरसाठी थांबणार हाये का? शनिवारपर्यंत बघू, न्हाई तर आपलं रजिस्टर बरं. तुम्ही परत टायपिंगला बसा."

मी तेव्हा अडतीस वर्षांची. पुस्तकं मागवून, घरचं सगळं आवरून झाल्यावर शिकले होते हे... दोन वर्षांची मेहनत, आणि परत टायपिंग!

काम असं होतं. बियाण्याचे नमुने ट्रेमध्ये ओल्या कागदावर ठेवायचे आणि शंभरातले किती उगवले ते मोजायचं. माझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक ट्रेसाठी मेमरीत एक ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचं एक पाकीट, तयार व्हायचं, त्यात त्या ट्रेचा स्कॅन केलेला फोटो आणि मोजणी. प्रोग्राम दोन कॉम्प्युटर-भाषांत लिहिला होता, आतलं जड काम सी प्लस प्लस करायचं, वरचे रोज बदलणारे रिपोर्ट पायथन काढायचं... आणि दोघंही त्याच ऑब्जेक्टला हात लावायचे.

आधी ती ऑब्जेक्ट्स कोणीच पुसत नव्हतं. दुपारपर्यंत मेमरी भरायची आणि मशीन बसायचं.

मग मी नियम केला, ज्याने तयार केलं त्यानेच पुसायचं. म्हणजे सी प्लस प्लसने. हा नियम मला फार आवडला होता... कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी दहा वर्षं तेच तर शिकवलं होतं, जिने वस्तू काढली तिनेच आवरायची.

तिथेच घात झाला. आपलं काम संपलं की सी प्लस प्लस शहाण्या मुलीसारखं आवरून मोकळं व्हायचं, आणि पायथन अजून त्याच ट्रेचे आकडे मागत असायचं. बहुतेक वेळा प्रोग्राम कोसळायचा. एकदा मात्र कोसळला नाही... कपाशीच्या एका लॉटवर भलत्याच ट्रेचे आकडे छापून आले, कारण पुसलेल्या जागेत दुसरंच ऑब्जेक्ट येऊन बसलं होतं.

तो कागद हातात धरून मी गार पडले. न उगवणारं बियाणं चांगलं म्हणून कुणाच्या तरी शेतात गेलं असतं.

गुरुवारी सगळे आकडे हाताने ताडून बघायला मी जर्मिनेशन रूममध्ये, म्हणजे ट्रे उगवायला ठेवायच्या खोलीत, गेले. एक ट्रे काढला, बघितला, आणि सवयीने तसाच धुवायला बेसिनकडे निघाले...

"ओ मॅडम, ठेवा तो." मोजणी करणाऱ्या बायकांच्या प्रमुख, वाटूरच्या शकुंतलाबाई. "पिवळा चिमटा दिसून न्हाई राह्यला का? लताची मोजनी बाकी हाये."

ट्रेच्या कडेला कपडे वाळत घालायचे रंगीत चिमटे लावलेले असायचे. दोन वर्षं रोज बघत होते, कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "पण काढला मीच होता ना?"

"काढला आसल. काढनारीचा काय संबंध? जिचं जिचं काम हाये ती आपला चिमटा लावती, काम झालं की काढती. जिनं शेवटचा काढला तिनं धुवायचा. तवर कोन्ही हात लावायचा न्हाई."

"आणि एखादी काढायला विसरली तर?"

"मंग ट्रे सडतो. वास सुटला की जाऊन रंग बघते. मंग तिचं काही खरं न्हाई."

मी ट्रे होता तिथे ठेवला आणि जवळजवळ पळतच टेबलाशी आले. एका ऑब्जेक्टला किती जणांनी धरलंय ते मोजत राहायचं, आकडा शून्यावर आला की पुसायचं... पुस्तकात हे मी दहादा वाचलं होतं. पण ते पायथनचं घरगुती प्रकरण समजून सोडून दिलं होतं. माझ्या सी प्लस प्लसला कोणी चिमटा दिलाच नव्हता.

तो दिला. धरताना दोघांनीही एक वाढवायचा, सोडताना एक कमी करायचा... तयार कोणी केलं, हा प्रश्नच रद्द.

आणि तो वास यावा म्हणून काम संपल्यावर एक यादी काढायची सोय केली. कोणतं ऑब्जेक्ट उरलंय, आणि ते कोणी धरून ठेवलंय. शुक्रवारी यादीत अकरा ट्रे निघाले, सगळे माझ्याच एका फंक्शनने अडकवलेले. विसरणारी मीच होते... तासाभरात दुरुस्त केलं.

शनिवारी सकाळी नऊला प्रोग्राम सुरू केला. तीन वाजले... चार वाजले... मी खुर्ची सोडली नाही. साडेपाचला शेवटचा रिपोर्ट बाहेर आला आणि यादी कोरी होती. एकेक कागद बायकांच्या रजिस्टरशी ताडला, एकही आकडा चुकलेला नव्हता.

शेठ प्रिंटरपाशी येऊन म्हणाले, "आज बंद कसं न्हाई पडलं? लाइट बराबर होती वाटतं."

मागून शकुंतलाबाई म्हणाल्या, "लाइटीचं न्हाई शेठ. मॅडम आता बिना इचारता ट्रे धुवून न्हाई राह्यल्या."

सगळी लॅब हसली. सगळ्यात मोठ्याने मी... इतकं मोकळं हसणं त्याआधी कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

तो प्रोग्राम पुढे नऊ वर्षं चालला. हे कुठे शिकलात, असं लोक विचारायचे आणि मी पुस्तकाचं नाव सांगायचे. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

शकुंतलाबाईंची सून इथे माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे. बाळा, त्यांना हे जरा मोठ्याने वाचून दाखव... मॅडम ते काम तुमच्याकडून शिकल्या, फक्त तसं सांगायला त्यांना वीस वर्षांहून जास्त लागली.