कुडपणच्या सहा पट्ट्या

माझं सगळं संशोधन एका प्रश्नावर अडकलंय: प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर शाईसारखे थर देऊन केलेली सौरपट्टी कोकणच्या पावसाळ्यात टिकेल का? सेंद्रिय सौरपेशी म्हणतात तिला. हलकी, वाकवावी तशी वाकणारी, पण भलती नाजूक. कडेतून ओल शिरली की वीज द्यायची बंद. त्या कडा बुजवायला मी एक लेप तयार केला होता, आणि त्याची परीक्षा घ्यायला कुडपणपेक्षा ओली जागा मला ठाऊक नव्हती. तिथं माझी आत्या एकटी राहते.

जूनमध्ये मी सहा पट्ट्या घेऊन गेले. पाच एका फळीवर बसवल्या आणि फळी गोठ्याच्या पत्र्यावर ठेवली. सहावीला जागा उरली नाही, म्हणून ती पत्र्याच्या अगदी वरच्या टोकाला तारेनं बांधली. "आत्या, लक्ष ठेव हां यांच्यावर," म्हटलं आणि महाडला परतले.

दसऱ्याला येऊन मीटर लावला. पाच पट्ट्या जवळजवळ नव्यासारख्या! सहावी मात्र मेलेली. ती मुळातच बिघडलेली असणार, असं मी परस्पर ठरवलं आणि वहीत तिच्यावर काट मारली. मार्गदर्शकांना कळवायला फोन काढला, तर रेंज नाही. तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली.

"बऱ्या हायत ना? ढग आला की फळी आत घ्यायची मी. लुगड्यात गुंडाळून चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची. वरची तेवढी हाताला नाय आली गो."

मी कपाळावर हात मारला. पट्ट्या टिकवल्या होत्या त्या आत्याच्या लुगड्यानं, माझ्या लेपानं नव्हे. खरी परीक्षा एकट्या सहावीनं दिली होती, आणि मी तिलाच खोडून बसले होते. राग आला, खोटं कशाला सांगू? चार शब्द सुनावलेही. मग तिच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे लक्ष गेलं. चार महिने ही बाई गोठ्याच्या शिडीवर चढउतार करत होती, आणि मी एकदाही तिला फोन केला नव्हता. माझी मलाच लाज वाटली.

वहीत सहावी परत लिहिली, पाचांवर काट मारली.

"आत्या, सगळं पहिल्यापासून करावं लागणार. वर्ष गेलं माझं."

ती चहाची कपबशी उचलता उचलता म्हणाली, "मंजी पुढच्या पावसाला बी येनार तू?"

तिला हसू लपवता येत नव्हतं.