घरघरीखालचा आवाज

दुपारी बराखीत, कांदा साठवत्यात त्या चाळीत, निवडायला बसलं, की माझी नात मोबाईलची वायर काढती. एक बोंड तिच्या कानात, एक माझ्या. वायर आखूड, म्हणून दोघींची डोकी जवळजवळ. बराखीच्या फटीतनं ऊन येतं, त्या उनात कांद्याची साल तरंगत राहती, अन् कानात ते गाणं.

पहिल्यांदी ऐकलं तवा वाटलं, मोबाईल बिघडला. ओतूरच्या स्टँडवर एसटी चालू ठेवून ड्रायव्हर चहाला जातो, तशी घरघर. लई येळ तीच. मग त्या घरघरीच्या आत, इहिरीच्या तळाशी बसून कुणी पोरगी गातीया असा आवाज. शब्द काय बी कळंना. मी म्हणलं, इंग्रजी हाय म्हणून आसंल. ती म्हणली, ज्यांना इंग्रजी येतं त्यांना बी कळत न्हाई, मुद्दाम तसंच करत्यात. शूगेझ म्हणत्यात त्येला. वाजवणारी पोरं मान खाली घालून आपल्या बुटाकडं बघत्यात, म्हणून ते नाव. दुसरं एक हाय, ड्रीमपॉप, ते जरा मऊ. मला एक पावसाळी ढगावाणी वाटायचं अन् एक थंडीतल्या धुक्यावाणी. डोळं मिटलं तरी हात कांदा निवडत राहायचं.

माझी जाऊ समोर बसून निवडती. ती म्हणली, "म्हातारे, आता एक जीनची पँट बी घे." मी माझ्या कानातलं बोंड तिच्या कानात घातलं. तिनं जरा ऐकलं अन् काढून दिलं. म्हणली, ह्येच्यापरीस गिरणीत जाऊन बसते.

नात म्हंजी माझ्या लेकीची लेक. लेक गेली, दोन पावसाळं झालं. कावीळ झाली अन् उतरलीच न्हाई. जावई चाकणला कंपनीत, म्हणून पोरगी माझ्याकडं राहून ओतूरच्या कॉलेजला जाती. आधी गायची ती. बापानं गिटार घेऊन दिलेली. आई गेल्यापास्नं गिटार खुंटीला, अन् बोलणं बी तसंच टांगलेलं. पण रोज मला एक गाणं द्यायची. आज ह्ये ऐक, आज ह्ये. रडून आली का कशी, ते मी गाण्यावरनं वळखायची.

एक दिवस तिनं एकच गाणं तिघांच्या गळ्यातनं ऐकवलं. एकाचं गाणं दुसऱ्यानं आपल्या परीनं म्हणायचं, त्येला कव्हर म्हणत्यात. मी म्हणलं, आमच्यात दुसरं काय व्हतं? सासूची ओवी मी म्हणली, माझी माझ्या लेकीनं म्हणली.

ती हुडकाया लागली. मग मोबाईलमधलं भलतंच काय लावलं. नळाचं पाणी, भांड्यांचा आवाज, अन् मागं कुणी गुणगुणतंय. माझी लेक. ती भांडी घासत व्हती तवा पोरीनं तिचा आवाज गुपचूप मोबाईलमधी धरून ठेवलेला. ऐकतोय तवर संपलं.

"आज्जी, आई काय म्हणायची ह्यात? मला शब्दच लागत न्हाईत. मला ह्याचं कव्हर करायचंय. तुला येतं का?"

माझ्यासमोर बसूनच जुळवलेलं ते लेकीनं. आमचं गाव वर डोंगरात, आंबेगावच्या अंगाला. धरणात गेलं. मालकानं जातं तेवढं पाठीवर बांधून आणलं. पिंपळवंडीला दुसऱ्याच्या बांधावर पत्र्याचं खोपाट घातलं, दिवसभर लोकांच्या वावरात कामं. पहाटं आमी मायलेकी जात्यावर, एका खुंट्याला दोघींचं हात. लेक बारकी. हाताला फोड यायचं, चिंधी गुंडाळून दळायची. माझं माहेर पाण्याच्या पलीकडं राहिलेलं. जायचं तर लाँचनं, आमच्याच घरावरनं. एकदा जाऊन आलो अन् दुसऱ्या दिवशी दळताना ती म्हणाया लागली,

पाण्याखाली माझं घर, वर चालली नाव गं
हळू वल्हव नावाड्या, खाली निजलं गाव गं

मी हात थांबवला न्हाई. थांबवला असता तर ती बी थांबली असती.

नातीला शब्द सांगितलं. पण चाल पायजे व्हती तिला. मोबाईल माझ्या तोंडाम्होरं धरला. मी तोंड उघडलं, काय बी येईना. लेक गेल्यापास्नं म्हणलंच नव्हतं कधी. अन् रिकाम्या हातानं बसून ओवी येत न्हाई, कुठल्या बी म्हातारीला इचारा. दुसऱ्या दिवशी परत बसलो, परत तेच. "राहू दे आज्जी," ती म्हणली अन् वायर गुंडाळून ठेवली. त्या दिवशी गाणं दिलं न्हाई. त्याच्या पुढल्या दिवशी बी न्हाई.

बराखीत मग नुसता कांदं पडल्याचा आवाज. मला वाटलं, मी मेले तर ती चाल बी माझ्याबरूबर जायची, अन् पोरीकडं तेवढं नळाचं पाणी राहायचं.

जातं मागच्या दारी पडलेलं. वरच्या दगडावर हंडा, खालच्यावर कोंबड्यांचं खुराडं. मी जावेला हाक मारली. "ह्या वयात दळण? गिरणीची लाईट गेली व्हय?" म्हणली, पण आली. दोघींनी खुराडं सरकवलं, दगड धुतलं, बाभळीचा खुंटा ठोकला. नातीला समोर बसवलं. तिचा हात खुंट्याला, त्येच्यावर माझा. जात्याच्या तोंडात मूठभर नाचणी घातली अन् दगड फिरला.

घरघर आली, अन् ती तीच व्हती, बराखीत कानात यायची ती. तवा आमी मायलेकी बी मान खाली घालून पिठाकडंच बघायचो. आवाज घरघरीच्या खालीच ठेवायचो, पलीकडं निजलेल्या सासऱ्याला शब्द कळू न्हाई म्हणून.

हात फिरला तशी चाल आली. तिसऱ्या-चवथ्या फेऱ्याला नात म्हणाया लागली. तिचा गळा आईपरीस जाडा. जाऊ मोबाईल धरून बसलेली, उलटा, पण आवाज आला त्यात.

दगडाला छिन्नीनं टाकी लावलेली नव्हती, पीठ जाडंभरडं आलं, भाकरीत कचकच लागली. पोरीनं दोन खाल्ल्या. मग गिटार खाली काढून फडक्यानं पुसत बसली.

पुढं बरेच दिवस तिचं काय काय चाललं. एका दुपारी बराखीत आली अन् माझ्या कानात बोंड घातलं. गिटार घरघरती, दगड घरघरतो, कुठलं कुणाचं कळत न्हाई. नळाचं पाणी वाहतंय, लेक गुणगुणतीया, त्यातच नात. मला लाँचमधी बसल्यागत झालं. खाली आमचं दार, आमचा उंबरा, अन् वरनं आमी हळूहळू चाललोय.

"शब्द कळत न्हाईत. आवाज वर घेऊ का आज्जी?"

"नको. खालीच राहू दे."

जावेनं हात पुढं केला. बोंड कानात घालून शेवटपातुर ऐकलं. बोंड न काढताच म्हणली, "परत लाव."

आता तिघींना वायर पुरत न्हाई. मोबाईल रिकाम्या घमेल्यात ठेवतो. घमेलं घुमतं, आमी कांदा निवडतो.