ताऱ्याचा अंगठा

नाशिकच्या एका कॉलेजात लहानू बोरस्ते सर तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होते. खेड्यापाड्यांतली पोरं त्यांच्यावर जीव टाकायची, कारण सर त्यांच्या भाषेत बोलत. ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट म्हणजे काय? तर ताऱ्याचा अंगठा. आजीने तलाठ्याच्या कागदावर उठवलेला अंगठा जन्मात बदलत नाही, तसंच हे. वर्ग हसायचा आणि कायमचं लक्षात ठेवायचा. दुर्दैव असं, की सरांनीही ते तसंच धरून ठेवलं.

१९९७ साली देवळ्याची छाया एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा मसुदा घेऊन सर आणि परीक्षकांसमोर उभी राहिली. पुण्याच्या एका शास्त्रज्ञाने तिला फार दूरच्या, चिमुकल्या दीर्घिकेतल्या एका अगडबंब ताऱ्याचे वर्णपट दिले होते. दोन कागद, मध्ये तीन वर्षांचं अंतर. हायड्रोजन-हेलियम सोडून बाकी सगळ्याला खगोलशास्त्रात धातूच म्हणतात; त्या दीर्घिकेत असे धातू नावालाच होते. दोन्ही कागदांवरच्या वर्णपटाच्या रेघा जुळेनात. छायाने लिहिलं होतं: ताऱ्याला स्वतःचाच पसारा आवरत नाही, तो अंगावरचे थर बाहेर फेकतोय, म्हणून रेघा बदलल्या.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं, कागदांची अदलाबदल झालीय. हे दोन वेगळे तारे आहेत."

"सर, तीनदा ताडून पाहिलंय."

"मग चौथ्यांदा पाहा. अंगठा कधी बदलतो का?"

शेजारचे परीक्षक खो-खो हसले. छायाने प्रकल्पातलं ते प्रकरण काढून टाकलं. उरलेल्या पानांत दम नव्हता. पुण्याहून संशोधनाचं बोलावणं आलं नाही. ती कळवणला शाळेत लागली.

२००८ साली निवृत्त सरांच्या हाती एक विज्ञान मासिक पडलं. तशाच धातूंची वानवा असलेल्या खुज्या दीर्घिकेतला एकच तारा, आणि काही वर्षांत पार पालटलेल्या रेघा. सरांना छायाचे दोन कागद आठवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कळवणची एसटी धरली.

शिक्षकांच्या खोलीत त्यांनी मासिक पुढे ठेवलं, चूक कबूल केली, पुण्याच्या त्या शास्त्रज्ञाला पत्र देतो म्हणाले. छायाने लेख शेवटपर्यंत वाचला.

"मला तेव्हाच ठाऊक होतं, सर. पण तुम्ही म्हणालात, म्हणून मी स्वतःलाच खोटं ठरवलं."

घंटा झाली. मासिक मिटून ती तासाला निघून गेली.

शिपाई चतुराबाई कपबश्या उचलायला आल्या. "बाबा, कोणत्या पोराचे पालक तुम्ही?"